‘मुळे’ लिहिण्याआधी: मराठवाड्याचे आकडे वाचताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबाजोगाई, परभणी, लातूर, जालना इथे तालुक्याचे वार्ताहर, अंगणवाडी सेविका, स्पर्धा परीक्षेची मुलं आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासोबत बसून सरकारी आकडे कसे वाचायचे, याचे वर्ग मी घेतो. गाव बदलतं, प्रश्न बदलत नाहीत. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. काही दोन ओळींत संपतात. जिथे चुकीचं कारण लिहिल्यामुळे माणसांवर ठपका बसतो, तिथे मी जास्त थांबलो आहे.

सहसंबंध म्हणजे काय? तो कारणापेक्षा वेगळा कसा?

दोन गोष्टी सोबत वाढतात, सोबत घटतात, किंवा एक वाढली की दुसरी घटते, तेव्हा त्यांच्यात सहसंबंध आहे असं म्हणतात. तो मोजायला कार्ल पिअर्सन यांच्या नावाने ओळखला जाणारा गुणांक वापरतात. तो उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान असतो. शून्याजवळ आला तर नातं जवळपास नाही, टोकाजवळ आला तर घट्ट; उणे म्हणजे एक वाढली की दुसरी घटते. कारण ही वेगळी गोष्ट. ‘कारण’ म्हणताना आपण दावा करतो की पहिल्या गोष्टीत हात घालून बदल केला तर दुसरी बदलेल.

एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात टँकरच्या खेपा वाढतात आणि रसवंतीवरची गर्दीही वाढते. बारा महिन्यांचे आकडे मांडले तर गुणांक चांगला दणदणीत येईल. पण रसवंत्या बंद केल्या म्हणून एकाही तांड्याचा टँकर कमी होणार नाही. दोन्हींच्या मागे उन्हाळा आहे.

म्हणजे ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ’ हेच ना?

अर्धंच. म्हण योगायोगाबद्दल आहे. तसे योगायोग आकड्यांतही पुष्कळ असतात. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ उड्नी यूल यांनी १९२६ मध्ये एक उदाहरण दिलं होतं. १८६६ ते १९११ या काळात इंग्लंडमध्ये एकूण लग्नांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागणाऱ्या लग्नांचं प्रमाण आणि मृत्युदर यांचा सहसंबंध ०.९५ इतका निघत होता. दोन्ही गोष्टी आपापल्या कारणांनी वर्षानुवर्षं उतरत होत्या, एवढंच. आपल्याकडेही गेल्या तीस वर्षांत मोबाइल वाढले, बोअर वाढले, इंग्रजी शाळा वाढल्या. यांतल्या कुठल्याही दोहोंची जोडी लावा, आलेख जुळेल.

पण आकडे जुळण्याचं कारण दर वेळी योगायोगच असतं असं नाही, आणि तिथे ही म्हण पुरत नाही. कधी दोघांमागे तिसरंच काही असतं. कधी दिशा उलटी असते: फांदी आधीच हलत होती म्हणून कावळा उडाला. कधी आपण मोजायला निवडलेली माणसंच अशी असतात की नातं दिसणारच. आणि कधी नोंद करायचा नियमच ते नातं तयार करतो. या चारही गोष्टी पुढच्या उत्तरांत येतील.

‘तिसरं कारण’ ओळखायचं कसं? एखादं खरं उदाहरण सांगा.

माझंच सांगतो. केज तालुक्यातल्या एका गावात आम्ही घरोघर पाहणी केली होती. घरात संडास आहे का आणि लहान मुलांची वजनं किती, असे दोन रकाने होते. संडास असलेल्या घरांतली मुलं वजनाला ठळकपणे चांगली निघाली. मी अहवालात सरळ लिहिलं, ‘शौचालय बांधल्यामुळे कुपोषण कमी झाले.’

अहवाल वाचून दाखवताना तिथल्या अंगणवाडीताई उठल्या. यादी हातात घेतली आणि नावांवरून बोट फिरवत म्हणाल्या, “सर, ही दोन घरं गुरुजींची. हे कारखान्यात कायम आहेत. ह्यांची बारा एकर धरणाखाली भिजते. संडास नसता तरी ह्यांची लेकरं अशीच राहिली असती.” मग यादी उलटी करून विचारलं, “आणि तुम्ही आलात माघात. तवा उसाला गेलेल्या घरांची लेकरं गावात होती का?”

नव्हती. ऊसतोडीच्या फडावर होती, आईबापासोबत. ज्यांची वजनं सगळ्यात कमी असण्याची शक्यता, तीच मुलं माझ्या तक्त्यात नव्हती. एका प्रश्नात त्यांनी दोन चुका दाखवल्या: घरातली मिळकत मी मोजलीच नव्हती, आणि गावाचा एक भाग सुटला होता.

स्वच्छतेचा मुलांच्या तब्येतीशी संबंध नाही, असं यातून निघत नाही. उघड्यावरच्या घाणीतून जुलाब होतात आणि जुलाबाने मूल खंगतं, हे वेगळ्या आणि भक्कम पुराव्याने माहीत आहे. पण माझा तक्ता ते सांगू शकत नव्हता. सांगायचं असतं तर सारख्या मिळकतीची, सारख्या जमिनीची घरं एकमेकांशेजारी ठेवून, काहींकडे संडास आहे आणि काहींकडे नाही, अशी तुलना करायला हवी होती. तेव्हापासून कुठलाही तक्ता हातात आला की मी आधी विचारतो, यात कोण नाही?

ज्या जिल्ह्यात साक्षरता जास्त, तिथे मुली कमी. म्हणजे शिकलेले लोकच मुली नको म्हणतात का?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक वर्गात येतो, कारण आकडे तसे दिसतात. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीत ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे ९६१ मुली होत्या. नंदुरबारमध्ये साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, तरी मुली ९४४. बीडची साक्षरता ७७ टक्के, आणि मुली ८०७, राज्यात सगळ्यात कमी. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, बीडचा हाच आकडा ८९४ होता. त्या दहा वर्षांत साक्षरता मात्र वाढली होती.

पण हे आकडे जिल्ह्याचे आहेत, घराचे नाहीत. बीडमध्ये मुलगी नाकारणारं घर शिकलेलं होतं की अडाणी, हे जिल्ह्याच्या सरासरीत कुठेच लिहिलेलं नसतं. समूहाच्या आकड्यावरून माणसाबद्दल निष्कर्ष काढण्याची ही चूक डब्ल्यू. एस. रॉबिन्सन या अभ्यासकाने १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून दाखवली. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी होती. गुणांक उणे ०.५३. मग परदेशातून आलेले जास्त शिकलेले का? माणूस माणूस मोजल्यावर चित्र उलटलं. स्थलांतरित थोडे जास्तच निरक्षर होते, गुणांक अधिक ०.१२. झालं असं होतं की हे लोक जाऊन राहिले अशा राज्यांत, जिथे मूळ रहिवासीच जास्त साक्षर होते.

बीड आणि गडचिरोलीत साक्षरतेखेरीज किती फरक आहेत ते बघा. सोनोग्राफी केंद्र किती जवळ आहे, त्याचे पैसे भरायची ऐपत आहे का, मुलं दोनच हवीत हा हिशोब, हुंड्याची चाल, जमिनीला वारस म्हणून मुलगाच हवा हा हट्ट. यांतल्या काही गोष्टी साक्षरतेच्या सोबतीने येतात, कारण शाळा, रस्ता आणि खासगी दवाखाना साधारण एकाच वाटेने गावात पोचतात. आपण मात्र शाळेला पकडतो. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा आहे. त्याची अंमलबजावणी केंद्रांवर व्हायची असते. ‘शिकलेल्या बायाच तशा’ असं छापलं की केंद्र सुटतं आणि शिकलेल्या सुनेकडे बोट जातं.

एक जोड. रत्नागिरीत त्याच जनगणनेत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. तिथे मुलींना जास्त मान आहे म्हणून नव्हे. पुरुष कामासाठी मुंबईला असतात.

आमच्या गावात यंदा १२ जन्म झाले, ८ मुलगे आणि ४ मुली. इथे काहीतरी चालू आहे का?

यावरून सांगता येत नाही. कुणी काहीही न करता, नाणेफेकीसारखंच घडत गेलं, तरी १२ जन्मांत ८ किंवा जास्त मुलगे साधारण दर पाच गावांमागे एका गावात निघतील. आशाताईंच्या वहीतला एका वर्षाचा आकडा घेऊन गावावर पाटी लावू नका. दहा वर्षांची बेरीज करा, शेजारची वीस गावं जोडा, मग बोला. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण भात सगळीकडे सारखा शिजलेला असला तरच.

ऊसतोडीमुळे बायकांची गर्भाशयं काढली जातात, हे खरं का?

बीड जिल्ह्यात सरकारी समितीने २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजार ८०० हून अधिक जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होतं. दोन्ही पाहण्यांची वयं आणि पद्धत तंतोतंत एक नाही, त्यामुळे सरळ भागाकार करू नये. पण एवढी तफावत योगायोगाने पडत नाही. इथे काहीतरी घडतं आहे, यात मला शंका नाही.

प्रश्न आहे तो ‘ऊसतोड’ या एका शब्दात काय काय भरलंय याचा. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला की दंड लागतो आणि तो उचलीत चढतो. पाळीच्या दिवसांत मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरायची. फडावर न्हाणी नाही, संडास नाही, पाणी लांबून आणायचं. लग्न लवकर झालेलं, पंचविशीच्या आत दोन-तीन बाळंतपणं. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं अंगावर काढलेलं. मग हंगाम संपल्यावर गावाकडच्या खासगी दवाखान्यात गेलं की कुणीतरी सांगतं, पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल.

यातलं नेमकं कारण कोणतं? खाड्याचा दंड असेल, तर दुरुस्ती मजुरीच्या करारात आहे. न्हाणी आणि पाणी असेल, तर कारखान्याच्या तळावर. दवाखान्याने दाखवलेली भीती असेल, तर शस्त्रक्रियांच्या तपासणीत. बालविवाह असेल, तर गावात आणि शाळेत. बहुतेक या सगळ्यांची साखळी आहे. पण ‘खाडा पडू नये म्हणून बायका स्वतःच पिशव्या काढून घेतात’ अशी एका ओळीची बातमी झाली, की साखळीतला सगळ्यात कमजोर माणूस गुन्हेगार ठरतो. मला याचा राग येतो, आणि वर्गात मी तो लपवत नाही.

पुढची पाहणी करणाऱ्यांना माझी विनंती अशी: त्याच गावातल्या, त्याच वयाच्या, पण ऊसाला न जाणाऱ्या बायका विचारा. जावा-जावांची तुलना मिळाली तर फारच उत्तम, एक फडावर जाणारी आणि एक घरी राहणारी. शस्त्रक्रियेचं साल आणि पहिल्यांदा उसाला गेल्याचं साल, दोन्ही लिहून घ्या. आधी काय आणि नंतर काय हे कळल्याशिवाय दिशा ठरत नाही.

शेतकरी आत्महत्यांच्या यादीत सगळेच कर्जबाजारी असतात. मग कर्ज हेच कारण ना?

आधी यादी कशी बनते ते बघू या. राज्यात आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत मिळते आणि त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. पात्रतेच्या निकषांतच नापिकी, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज आणि वसुलीचा तगादा या गोष्टी आहेत. मग पात्र प्रकरणांत कर्ज दिसणारच. गाळणीला जेवढी भोकं, तेवढंच खाली पडणार. हातउसनं घेणारा, बटाईने करणारा, आणि सातबाऱ्यावर नाव नसलेली पण उभं आयुष्य शेतात घालवलेली बाई, ही माणसं बहुतेक वेळा अपात्रच्या ढिगात जातात किंवा शेतकरी म्हणून मोजलीच जात नाहीत.

दुसरा प्रश्न छेदाचा. कर्ज असूनही जगणारी किती घरं आहेत? आमच्याकडच्या गावांत कर्ज नसलेलं घर शोधावं लागतं. मेलेल्यांत किती कर्जबाजारी होते एवढंच मोजून भागत नाही. शेजारच्या, तेवढ्याच कोरडवाहू जमिनीच्या, तेवढ्याच कर्जाच्या घरात काय वेगळं होतं, हे विचारावं लागतं.

याचा अर्थ कर्ज हे कारण नाही असा कुणी घेतला, तर ते माझ्या म्हणण्याच्या बरोबर उलटं होईल. कर्जाचा फास मी गावागावात पाहिला आहे. पण सलग दोन वर्षं गेलेलं पीक, पडलेला भाव, मुलीचं लग्न, दारू, एकटेपणा, उपचार न झालेलं मनाचं दुखणं, हे एकमेकांत गुंतलेलं असतं. एकच धागा ओढून ‘हे कारण’ म्हटलं की बाकीच्या धाग्यांवर कुणी काम करत नाही. हे वाचणाऱ्या कुणाच्या मनात स्वतःबद्दल असे विचार येत असतील, तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे. मराठीत बोलता येतं, दिवसरात्र.

योजना आली आणि विहिरींना पाणी वाढलं. हा तर डोळ्यांदेखतचा पुरावा आहे!

जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालं. २०१४ आणि २०१५ ही मराठवाड्यात लागोपाठ दुष्काळाची वर्षं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात चांगला पाऊस झाला आणि मांजरा धरण भरलं. आता २०१५ ची पातळी आणि २०१६ ची पातळी शेजारी ठेवली तर वाढ दिसणार, नाला खोल केलेला असो वा नसो.

शिवाय योजनेत गाव निवडलं जातं ते टंचाईच्या वर्षात, म्हणजे सगळ्यात वाईट अवस्थेत असताना. फार वाईट वर्षानंतरचं वर्ष बहुधा त्याहून बरं असतं, आपण काही केलं नाही तरी. तापाच्या शिखरावर घेतलेली कुठलीही गोळी लागू पडल्यासारखी वाटते, तसंच हे.

योजना फसली असं मी म्हणत नाही. काम झालेलं आणि काम न झालेलं अशी दोन गावं घ्या, पाऊस सारखा, खालचा काळा दगड सारखा, उसाखालचं क्षेत्रही साधारण सारखं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पातळी पावसाच्या आकड्यासोबत लावून बघा. फरक उरला तर श्रेय कामाचं.

‘लातूर पॅटर्न’मध्ये गेलं की मेडिकल मिळतं?

तिथल्या नामांकित कॉलेजांत आणि क्लासेसमध्ये दहावीला नव्वदच्या वर मिळवलेली मुलं सगळ्या जिल्ह्यांतून येतात. ती कुठेही गेली असती तरी त्यांतली बरीच पुढे गेली असती. शिकवण्याचा वाटा नक्की आहे, पण किती, हे निकालाच्या फ्लेक्सवरून कळत नाही, कारण फ्लेक्सवर न लागलेल्या मुलांचे फोटो नसतात. जमीन गहाण टाकून मुलाला पाठवण्याआधी पालकांनी एवढंच विचारावं: माझ्या मुलाएवढेच मार्क घेऊन आलेल्यांपैकी कितींचं काम झालं?

मग कारण कधी सिद्ध होतच नाही का? सगळं ‘सहसंबंध आहे, कारण नाही’ म्हणून सोडून द्यायचं?

अजिबात नाही. हे वाक्य ढाल म्हणूनही वापरलं गेलं आहे. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं दाखवलं, त्यानंतर काही वर्षांनी आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणारे रोनाल्ड फिशर हेच आडवे गेले. हा नुसता सहसंबंध आहे, मागे आनुवंशिक काहीतरी असेल, असं ते म्हणत राहिले. ते चुकले. पुढे पुरावा वेगवेगळ्या बाजूंनी साठत गेला, आणि १९६५ मध्ये हिल यांनी कारण ठरवताना काय काय तपासावं याचे नऊ मुद्दे मांडले. नातं किती ठळक आहे, वेगवेगळ्या ठिकाणी तेच दिसतं का, आधी कारण मग परिणाम असा क्रम आहे का, मात्रा वाढली की परिणाम वाढतो का, हे त्यांतले चार. आपल्या कामाला बहुतेक वेळा हेच चार पुरतात.

सगळ्यात चांगला पुरावा मिळतो तो चिठ्ठ्या टाकून गट पाडले तर. आणि हे आपल्याकडे दर निवडणुकीला होतं! सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत आठवा. तहसीलच्या सभागृहात एखादं लहान मूल बरणीतून चिठ्ठी काढतं आणि ठरतं, या गावात या खेपेला महिला सरपंच. गाव पुढारलेलं म्हणून तिथे बाई सरपंच झाली, असं म्हणायला जागा उरत नाही, कारण निवड गावाने केलेलीच नाही. पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या अशाच आरक्षणाचा उपयोग करून राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी २००४ मध्ये दाखवलं की महिलांसाठी राखीव पंचायतींत पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं. इथे ‘मुळे’ हा शब्द लिहायचा हक्क मिळतो.

बातमी वाचताना चूक पटकन कशी ओळखायची?

मराठीत एक शब्दयोगी अव्यय सगळं काम करून जातं: ‘-मुळे’. ‘मोबाइलमुळे घटस्फोट वाढले’, ‘शिक्षणामुळे लग्नं जमेनात’. त्या जागी ‘जिथे… तिथे’ घालून वाक्य परत वाचा. ‘जिथे मोबाइल जास्त, तिथे घटस्फोटांची नोंद जास्त.’ आकड्याने एवढंच सांगितलेलं असतं, बाकीचं बातमीदाराने घातलेलं असतं. ‘परिणामी’, ‘त्यातूनच’, ‘म्हणूनच’ हे त्याचेच भाऊबंद. माझ्या वर्गातल्या वार्ताहरांना मी शेवटच्या दिवशी आपलीच जुनी बातमी आणायला सांगतो आणि प्रत्येक ‘मुळे’खाली पेन्सिलने रेघ मारायला लावतो.

कारण पक्कं कळेपर्यंत मदत थांबवायची का?

धारूरच्या एका बैठकीत एका मावशीने हा प्रश्न विचारला. त्या वीस वर्षं उसाला जात होत्या. नाही, मावशी, थांबायचं नाही. लंडनमध्ये १८५४ साली कॉलऱ्याच्या साथीत डॉ. जॉन स्नो यांच्या सांगण्यावरून ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दांडा काढला गेला, तेव्हा पाण्यात नेमकं काय आहे हे स्नो यांना दाखवता आलं नव्हतं. पण त्यांनी घराघरात जाऊन कोण कुठलं पाणी प्यालं याची यादी केली होती, आणि दांडा काढून कुणाचं नुकसान होणार नव्हतं. फडावर न्हाणी आणि पिण्याचं पाणी देऊनही कुणाचं नुकसान होत नाही. तेव्हा ते आधी द्यायचं, आणि दिल्यापासून नोंद ठेवायची. दिवाळी झाली की टोळ्या निघतील. आशाताईंच्या वहीत चार रकाने वाढवा: बाईचं वय, कितव्यांदा उसाला चालली, कुठल्या तळावर राहणार, तिथे न्हाणी आहे की नाही. टोळ्या परत आल्या की तीच वही घेऊन त्याच बायकांना तब्येत विचारा, आणि न गेलेल्या त्यांच्या जावांनाही.